आजोबांचं आयुष्य हा पुरावा नव्हे

‘आमचे आजोबा याच घरात नव्वदीपर्यंत जगले, त्यांना काय झालं?’ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतावरच्या घरांत रेडॉनचा विषय निघाला, की हा सवाल येतोच. तिथल्या जमिनीत हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे. त्यातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. राज्यातल्या सगळ्या, म्हणजे 99 काउंटी अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत.

आजोबांचा दाखला खरा असेल, पण तो पुरावा होत नाही. रेडॉन सरसकट सगळ्यांचा बळी घेत नाही. तो फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता वाढवतो. शिवाय आजोबांचं घर आता तसं राहिलंय कुठे? फटींतून वारं खेळायचं, तिथे घट्ट बसणाऱ्या खिडक्या आल्या. बटाटे साठवायच्या तळघरात आता नातवंडं झोपतात. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि तिची जागा भरायला फरशीच्या भेगांतून जमिनीतला वायू आत ओढला जातो.

‘शेजाऱ्यांकडे प्रमाण कमी निघालं’ हा युक्तिवादही टिकत नाही. खालची माती, पायाच्या भेगा, हवेची ये-जा हे सारं घरागणिक बदलतं.

एका आक्षेपाला मात्र मान द्यायला हवा. रेडॉनच्या धोक्याचे सुरुवातीचे हिशेब युरेनियम खाणकामगारांवरून मांडले होते; घरातल्या कमी मात्रेला ते लावायचे कसे? शंका रास्त होती. म्हणून आयोवातच निदान 20 वर्षं एकाच घरात राहिलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरातल्या रेडॉनचा कर्करोगाशी संबंध दिसला. 2005 साली युरोपातल्या 13 अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हवेच्या दर घनमीटरमागे 100 बेकरेल रेडॉन वाढला, की धोका सुमारे 8 टक्के वाढतो, आणि मोजमापातल्या चुका हिशेबात धरल्या तर 16 टक्के, असं त्यातून निघालं. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त. पण सिगारेट न ओढणाराही सुटत नाही. यानंतरही ‘हा खाणीतला प्रश्न’ म्हणत राहणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

म्हणून प्रत्येक घराची चाचणी झाली पाहिजे. वावर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर कोळशाची छोटी डबी दोन ते सात दिवस ठेवायची, खिडक्या बंद राखायच्या आणि डबी प्रयोगशाळेला पाठवायची. प्रमाण ऋतूगणिक बदलतं, त्यामुळे 90 दिवसांहून लांब चाचणी अधिक भरवशाची. लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आलं, तर उपाय करा, असं अमेरिकी पर्यावरण संस्था सांगते. आयोवात दहापैकी सुमारे सात घरं या पातळीच्या वर असल्याचा अंदाज आहे. फरशीखालून पाइप काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडला, की प्रमाण झपाट्याने उतरतं.

खर्चाची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. डबी स्वस्त मिळते, पण पाइप आणि पंख्याला बहुधा हजाराहून जास्त डॉलर लागतात. पडत्या भावाच्या वर्षी मक्याच्या शेतकऱ्याने ते कुठून आणायचे? भाड्याने राहणाऱ्या मजुराला तर दुसऱ्याच्या फरशीला भोक पाडता येत नाही. तेव्हा या कामाला सरकारी अनुदान हवं, आणि भाडेकरूला चाचणीचा निकाल दाखवून दुरुस्ती करणं घरमालकावर बंधनकारक हवं.