शेपटीवरची सही



कारकुनाच्या आयुष्यात सह्यांना फार महत्त्व असते. नमुन्याची सही आणि समोरच्या कागदावरची सही ताडून पाहता पाहता आमचे डोळे अधू होतात. या आठवड्यात ज्याची ओळख करून द्यायची आहे, तो आपली सही शेपटीच्या खालच्या बाजूला घेऊन फिरतो आणि ती खोटी करणे आजवर कुणाला साधलेले नाही. हा प्राणी म्हणजे हंपबॅक जातीचा देवमासा. आपल्या भाषेतल्या या नावात देवही आहे आणि मासाही आहे. प्राणी मात्र दोन्ही नाही. तो आपल्यासारखाच नाकाने हवेत श्वास घेतो आणि त्याची मादी पिलाला जन्म देऊन दूध पाजते.

त्याला भेटायला आपण आइसलँडला जाऊ. उत्तर अटलांटिकातल्या या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हुसाविक नावाचे गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत, उत्तर ध्रुववृत्त अगदी जवळ. मी तिथे गेलेलो नाही. कारकुनाच्या रजेत आणि पगारात तो प्रवास बसत नाही. पण वाचून आणि चित्रफिती पाहून तिथला एक दिवस मनात इतका पक्का बसला आहे की तुम्हालाही सोबत नेतो.

जूनमधली सकाळ. रात्र अशी झालेलीच नाही, कारण या दिवसांत सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास जेमतेम बुडतो आणि लगेच वर येतो. बंदराच्या वर १९०७ साली बांधलेले लाकडी चर्च आहे. खाली धक्क्याला ओक लाकडाच्या जुन्या बोटी बांधलेल्या. या बोटी मूळच्या मासेमारीच्या. आइसलँडमध्ये १९८४ पासून मासेमारीला कोटा पद्धत आली. पुढे कोट्याची खरेदी-विक्री सुरू झाली, तो मोठ्या कंपन्यांच्या हाती जमत गेला आणि लहान गावांतल्या लाकडी बोटी मोडीत निघू लागल्या. हुसाविकच्या दोघा भावांनी अशीच एक बोट वाचवली आणि १९९५ पासून तिच्यातून लोकांना देवमासे दाखवायला सुरुवात केली. गावाला उत्पन्नाचा नवा मार्ग सापडला. कत्तलखान्याच्या जुन्या इमारतीत आज देवमाशांचे संग्रहालय आहे. ज्या इमारतीत मेंढ्या कापल्या जात, तिथे आता शाळेची मुले निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहायला येतात.

बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येकाला पायापासून गळ्यापर्यंतचा जाड अंगरखा देतात. उन्हाळा म्हणायचा, पण वारा हाडापर्यंत जातो. बोट निघते. समोर पश्चिमेला बर्फाचे पट्टे असलेले डोंगर, खाली करडे पाणी. या उपसागराचे नाव स्क्याल्फांदी, म्हणजे थरथरणारा. भाग भूकंपाचा आहे, तेव्हा नाव उगीच पडलेले नाही. दोन नद्या डोंगरातला गाळ आणि क्षार आणून यात ओततात. त्यावर उन्हाळ्याच्या अखंड उजेडात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर आपल्याकडच्या जवळ्यासारखा बारीक जीव क्रिल पोसतो, शिवाय कॅपेलिन आणि हेरिंग मासे येतात. आणि त्या सर्वांच्या मागे आपला पाहुणा.

पुढे जाण्यापूर्वी त्या समोरच्या डोंगरांकडे नीट पाहा. नवव्या शतकात गार्दार नावाचा एक स्वीडिश दर्यावर्दी इथे आला. हिवाळ्यापुरते घर बांधून राहिला आणि वसंतात निघून गेला. त्या घरावरूनच गावाचे नाव हुसाविक, घरांचा उपसागर. पण त्याच्या सोबतचा नाटफारी नावाचा माणूस, एक गुलाम आणि एक दासी एवढे तिघे मागेच राहिले. नाटफारीने चांगल्या खोऱ्यात जागा धरली, झाडांवर खुणाही केल्या. मागाहून आलेल्या एका वजनदार माणसाने त्याला तिथून हुसकावले आणि उपसागरापलीकडच्या त्या उघड्याबोडक्या किनाऱ्यावर राहू दिले. नाटफारी स्वतःही गुलामच असावा, असे पुष्कळांचे मत आहे. आइसलँडचा पहिला रहिवासी म्हणून इतिहासात मान मिळतो तो त्यानंतर, परंपरेप्रमाणे ८७४ साली, आलेल्या इंगोल्फुर नावाच्या सरदाराला. आधी राहिलेला पहिला का नाही, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. हुसाविकच्या लोकांनी मात्र देवमासे दाखवणाऱ्या एका बोटीला नाटफारीचे नाव दिले आहे.

असो. बोट तासभर चालली. वाटाड्याने सगळ्यांना सांगून ठेवले आहे की बोट म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. पुढचे टोक बारा, मागचे टोक सहा, उजवा हात तीन. "दोन वाजता!" अशी हाक आली की तीस-चाळीस माणसे एकदम त्या बाजूला वळतात. लहान मुलांना हे बरोबर जमते, थोरांचा गोंधळ उडतो.

प्रथम दिसतो फवारा. पाणी नव्हे, फुप्फुसातली ऊबदार हवा थंडीत पडून तिची वाफ होते, आणि ती तीन-चार मीटर उंच जाते. मग आवाज ऐकू येतो, मोठा भाता सोडल्यासारखा. वारा आपल्याकडे असेल तर वासही येतो. तो सुगंध नाही, सडक्या मासळीच्या टोपलीचाच म्हणा. मग काळी पाठ वर येते. पाठीवर लहानसे कुबड आणि त्यावर पर, म्हणून इंग्रजीत हंपबॅक. पाठ कमान करते, कमान आणखी उंच होते आणि शेवटी शेपटी पाण्याबाहेर उभी राहते. पाणी निथळत राहते. दोन-तीन सेकंद. मग ती सरळ खाली जाते आणि मागे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो.

बोटीवर कुणी बोलत नाही. पाच मिनिटे, सात मिनिटे. तो कुठे वर येईल हे त्याच्या मर्जीवर. ज्यांना टीव्हीवर सतत उड्या मारणारे देवमासे पाहायची सवय झाली आहे, त्यांना हे थांबणे जड जाते. खरा दिवस मात्र बहुतांशी थांबण्याचाच असतो. कधी तो येतच नाही, आणि लोक थंडीत कुडकुडून परततात.

पूर्ण वाढलेला हंपबॅक तेरा ते पंधरा मीटर, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीपेक्षा लांब. वजन तीस टनांच्या आसपास. पुढचे दोन पर शरीराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे लांब असतात. तोंडात दात नाहीत. आपली नखे ज्या द्रव्याची असतात, त्याच द्रव्याच्या पट्ट्यांची झालर वरच्या जबड्याला टांगलेली असते. तो तोंड वासून माशांच्या थव्यात घुसतो, गळ्याच्या वळ्या पिशवीसारख्या फुगतात, मग पाणी झालरीतून बाहेर आणि मासळी आत. उन्हाळाभर हाच उद्योग. कारण हिवाळ्यात यातले पुष्कळजण हजारो किलोमीटर पोहत दक्षिणेच्या उबदार पाण्यात, कॅरिबियन बेटांकडे किंवा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांकडे जातात. तिथे वीण होते, पण खायला जवळजवळ काही नसते. सगळा खर्च उत्तरेत जमा केलेल्या चरबीतून. अकरा-बारा महिने पोटात वाढवलेले पिलू जन्मतानाच चार मीटरचे असते. त्याला पाजायचे आणि स्वतः उपाशी राहून इथवर परत आणायचे, हा सारा बोजा एकट्या आईवर. बाप त्यात कुठेच नाही. आमच्या माताभगिनींना हा हिशेब नवा वाटणार नाही.

आता सहीकडे येतो. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रंगाचे डाग असतात. कडा फाटलेली असते, जुने ओरखडे असतात. दोन हंपबॅकांचे डाग सारखे नसतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका महाविद्यालयात स्टीव्हन कटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अशा शेपट्यांची छायाचित्रे जमवून नोंदवही सुरू केली. आज बोटीवरच्या प्रवाशाने काढलेले साधे छायाचित्रही त्या कामी येते. कॅरिबियनमध्ये हिवाळ्यात टिपलेली शेपटी आइसलँडला उन्हाळ्यात ओळखू येते.

यात विशेष ते काय, असे कुणी म्हणेल. तर थोडे मागे जाऊ. दक्षिण ध्रुवाकडच्या शिकारीचा कोटा १९७२ पर्यंत 'निळा देवमासा एकक' या मापाने ठरत असे. एक निळा देवमासा बरोबर दोन फिन देवमासे, बरोबर अडीच हंपबॅक, बरोबर सहा सेई देवमासे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, एककांची भीती मला नाही. पण हा अडीच पाहून मी थबकलो. अर्धा हंपबॅक म्हणजे काय? तर काही नाही, मोजले जात होते ते तेल, प्राणी नव्हे. हिशेबात सगळे बिनचूक होते आणि समुद्र रिकामा होत होता.

उत्तर अटलांटिकात हंपबॅकच्या शिकारीवर १९५५ साली बंदी आली, म्हणून आज तिथे ते पुन्हा हजारोंनी आहेत. सगळेच देवमासे सुटले असे मात्र नाही. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२चा. तरीही आइसलँडने २००६ साली ती पुन्हा सुरू केली. हंपबॅक त्यात नाही, पण २०२२ साली १४८ फिन देवमासे मारले गेले. काहींना मरायला फार वेळ लागतो असा अहवाल आल्यावर २०२३च्या उन्हाळ्यात सरकारने काही आठवडे शिकार थांबवली. २०२४ अखेर पुन्हा परवाने दिले. एकाच देशात एक बोट दाखवायला निघते आणि दुसरी मारायला. आणि हंपबॅकही निर्धास्त नाही. आइसलँडच्या पाण्यातल्या हंपबॅकांच्या छायाचित्रांचा अभ्यास झाला, तेव्हा निदान चारातल्या एकाच्या अंगावर जाळ्यादोरात अडकल्याचे व्रण दिसले. तेही त्या सहीतच वाचता येतात.

परतीच्या वाटेवर बोटीवर गरम चॉकलेट आणि दालचिनीचे गोड पाव वाटतात. बोटे गारठलेली, कप दोन्ही हातांनी धरायचा. बंदर दिसू लागते.

हे सगळे दूरचे, आपला काय संबंध, असे वाटत असेल तर आपल्या अरबी समुद्राकडे वळा. इथेही हंपबॅक आहेत आणि ते जगावेगळे आहेत. ते कुठे उत्तरेला जात नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात, आणि सुमारे सत्तर हजार वर्षांपासून इतरांपासून वेगळे पडले आहेत. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाच्या शिकारी ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपुढे थोड्याच दिवसांत २३८ हंपबॅक मारले, आणि आंतरराष्ट्रीय संस्थेला पाठवलेल्या आकड्यांत ते दाखवलेच नाहीत. खोटे रजिस्टर कसे लिहितात हे कचेरीत काम करणाऱ्याला ठाऊक असते. त्याच देशातल्या काही जीवशास्त्रज्ञांनी धोका पत्करून खरे आकडे जपून ठेवले होते. अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ साली या लपवाछपवीला जाहीर वाचा फोडली. ओमानच्या किनाऱ्यावर आज शंभराच्या आतच हंपबॅक उरले असावेत, असा अंदाज आहे. तोही शेपट्यांची छायाचित्रे ताडूनच काढलेला.

२०१७च्या नोव्हेंबरात ओमानच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले. ती अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्याशी आली, तिथून मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ती दिसली असेल किंवा नसेल. तिचे नाव लुबान. अरबी भाषेत लुबान म्हणजे ज्याच्या डिंकाचा धूप होतो ते झाड. तिच्या शेपटीखालच्या डागांचा आकार तसा आहे.