पोटातला पीळ

माणूस दुःखाने व्याकुळ झाला की आपण "आतड्याला पीळ पडला" म्हणतो. हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा तरी शिकवला. खरा पीळ काय असतो ते मात्र निवृत्तीनंतर कळलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतलं बारा दिवसांचं बाळ संध्याकाळपासून रडत होतं. दूध ओकलं, मग हिरवीगार उलटी झाली. "गॅस धरलाय, बेंबीभोवती हिंग लावा" म्हणणाऱ्यांत मीही एक. रात्र तशीच गेली. सकाळी बाळ मलूल पडलं, तेव्हा धावाधाव करून नगर गाठलं. सोनोग्राफी झाली, लगेच ऑपरेशन. बाळ वाचलं, पण आतड्याचा काही भाग काढावा लागला. ती रात्र मला अजून खाते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. गर्भात आतडी वळण घेऊन आपापल्या जागी बसतात. एखाद्याचं हे वळण अर्धवट राहतं आणि जन्मानंतर आतडं स्वतःभोवतीच फिरतं. रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत आतडं काळं पडू शकतं. (जठरालाही असा पीळ पडतो, पण क्वचित.) साध्या एक्स-रेत हे दिसेलच असं नाही. सोनोग्राफीत रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. शंका उरली तर बाळाला पांढरं औषध पाजून एक्स-रे काढतात, त्यात आतडं स्क्रूसारखं पिळलेलं दिसतं. पीळ सोडवायचं ऑपरेशन बॉस्टनच्या डॉ. विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडलं, आजही तेच करतात.

आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की वेगळंच आठवतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे इथे ८५२ मुली होत्या. त्या यंत्राचा आपण काय उपयोग केला, हे त्या आकड्यात लिहिलंय. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा कडकच हवा. पण तेच यंत्र जन्मलेल्या लेकराचा जीव वाचवतं, हेही घरोघरी माहीत हवं. गर्भ तपासायला पैसे काढणारं घर जन्मलेल्या बाळाला, त्यातून मुलगी असली तर, हिंगावर का ठेवतं?

हिंगाशी माझं भांडण नाही. पण आजी-आजोबांनो, आधी उलटीचा रंग पाहा. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट पाहू नका. मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी जिथे असेल तिथे त्याच रात्री निघा. उलटीचा कपडा धुऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

तपासणीत काही निघालं नाही तर फार तर एक खेप वाया जाईल. जाऊ दे की!