दोन औषधं, एक गोळी आणि ऊसतोडीचा हंगाम

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. कोयते, भांडीकुंडी, शेळी आणि धाकटी पोरं घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. याच गाठोड्यात कुणाच्या बीपीच्या गोळ्याही असतात, पण बहुधा महिनाभराच्याच. सरकारी दवाखान्यात साधारण तेवढ्याच मिळतात. त्या संपल्या की फडातून दवाखान्यात जायचं म्हणजे एक खाडा. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग खाडा कशाला? गोळी सुटते ती इथे.

त्यात रोजच्या गोळ्या दोन-तीन असल्या, की एखादी आधी संपते, एखादी विसरते. दोन औषधं एकाच गोळीत द्यावीत, हा आग्रह म्हणूनच महत्त्वाचा. आणि प्रश्न नुसता सोयीचा नाही. अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं, तर वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला टेल्मिसार्टन अडवतं. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातलं औषध जोडणं सुमारे पाचपट परिणामकारक ठरतं, असं ४२ चाचण्यांच्या २००९ मधल्या एकत्रित अभ्यासात दिसलं. शिवाय अम्लोडिपिनमुळे घोट्यांना येणारी सूज टेल्मिसार्टन सोबत असेल तर कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

'कॉम्बिनेशन' म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठी पडते, तीही विनाकारण नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली होती. पण ती अतार्किक मिश्रणं वेगळी आणि ही जोडी वेगळी. भारतातल्याच सुमारे दोन हजार रुग्णांवर तीन वेगवेगळ्या जोडगोळ्या वापरून पाहिल्या गेल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा महिन्यांत साधारण ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला.

अर्थात सरसकट वाटण्याची ही गोष्ट नाही. टेल्मिसार्टन गर्भवतीला चालत नाही, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायका अनेकदा ऐन तिशीच्या आतल्या असतात. गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्याला जपावं लागतं. वयोवृद्ध, अशक्त माणसाला सुरुवात एकाच औषधाने केलेली बरी.

याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेवेचं काम शिकवलं. त्या जिल्ह्याला हे जड जाऊ नये: टोळी निघण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच, प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा. ज्यांचा स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांच्या जोडगोळ्या एकदम द्यायच्या. सोबत औषधाचं नाव आणि डोस लिहिलेलं कार्ड, म्हणजे पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात मिळतील. तिथल्या केंद्राने मात्र 'तुमचं गाव आमच्याकडे येत नाही' म्हणून परत पाठवता कामा नये. सध्या गाडं अडतं ते बहुतेक तिथेच.