विमा-प्रतिनिधींच्या शिक्षणाचा प्रश्न

चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथील एखाद्या गृहिणीला वा बेकार पदवीधराला विमा-प्रतिनिधी व्हावयाचे असेल आणि त्यासाठी रोज जिल्ह्याच्या गावी वर्गाला यावे लागणार असेल, तर ते शिक्षण त्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरते. तोच पाठ मोबाईलवर मिळाला, तर एसटीचे भाडे वाचते आणि रोजगारही बुडत नाही. ऑनलाईन शिक्षणाला सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावयास हवे.

परंतु विचार येथेच थांबवून चालणार नाही. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते विमा खेड्यापाड्यांतील सामान्य माणसापर्यंत पोचावा या हेतूनेही. हा माणूस पॉलिसीतील अटी वाचत नाही. प्रतिनिधीच्या शब्दावर विसंबून हप्ता भरतो. प्रस्ताव-अर्जात जुना मधुमेह लिहावयाचा राहून गेला, तर पहिल्या तीन वर्षांत त्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. प्रतिनिधीच्या अर्धवट ज्ञानाची किंमत अशा वेळी विमेदाराच्या कुटुंबाला मोजावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्याने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पाण्यात बुडालेली मोटार तशीच सुरू केल्याने इंजिन निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत ती हानी सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पडद्यावरील पाठात ही एक ओळ असते आणि ती बोटाने पुढे सरकते. वर्गात मात्र शिरोळचा एखादा विद्यार्थी प्रश्न विचारतो, अनुभवी प्रतिनिधी उत्तर देतो आणि ते सर्वांच्या लक्षात राहते.

मग परिणामकारक काय? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधन-आढाव्यात दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे शिक्षण केवळ वर्गातील शिक्षणापेक्षा सरस ठरले. मात्र त्याचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, विद्यार्थ्यांना मिळालेला अधिक वेळ व साहित्य हेही त्याचे कारण असू शकते, असेही तेथे बजावले आहे. आपल्याकडे नेमका हा वेळच आटत गेला. २००० सालच्या नियमांनी प्रतिनिधीला किमान १०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. २००७ मध्ये ते ५० तासांवर आले. २०१५ च्या कायदेदुरुस्तीनंतर प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार थेट कंपन्यांकडे गेला, आणि त्याच वर्षी ‘पॉइंट ऑफ सेल’ नावाच्या नव्या विक्रेत्यांसाठी अवघे १५ तास पुरेसे मानले गेले. तेव्हा खरा झगडा पडदा आणि फळा यांच्यातील नसून, शिक्षणावर खर्च करण्याची जबाबदारी आणि विक्रीची घाई यांच्यातील आहे.

यातून मार्ग काढणे अवघड नाही. कायदा, व्याख्या, आकडेमोड हा भाग खुशाल मोबाईलवर शिकवावा, तोही सुबोध मराठीत. त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणी निदान दोन दिवस प्रत्यक्ष वर्ग भरवावा. तेथे प्रस्ताव-अर्ज भरून घ्यावा, नाकारलेला दावा समजावून सांगावयास लावावे आणि मगच परीक्षेला बसवावे. खर्च कंपनीने सोसावा.

यशाचे मापही बदलले पाहिजे. किती उमेदवार उत्तीर्ण झाले, यावरून शिक्षणाची पारख होत नाही. विकलेल्या पॉलिसींपैकी किती तेराव्या महिन्यात आणि किती एकसष्टाव्या महिन्यात चालू आहेत, हा हिशेब कंपन्या ठेवतातच. तो प्रशिक्षणाच्या पद्धतीनुसार आणि जिल्हावार प्रसिद्ध करावा, अशी मागणी विमेदारांनी व प्रतिनिधींच्या संघटनांनी एकत्र येऊन केली पाहिजे. मध्येच बंद पडलेल्या पॉलिसीत गरिबाच्या घामाचा पैसा अडकलेला असतो. त्याचा जाब विचारणे हे कार्यकर्त्यांचेही काम आहे.