कंटेनर मोजता, माणूस कोण मोजणार?



किरणाला वास नाही, रंग नाही. किरणाला जातही नाही, असं शिकलेले सांगतात. खरंय. पण कामाला जात आहे.

मी उरणला न्हावा-शेव्याच्या बाजूला गोदीत राबतो. परदेशचं भंगार आमच्या हातानं उतरतं. मागं एकदा भंगारात शिशाची जाड पेटी निघाली. मुकादमाला विचारलं, यात काय? म्हणाला, ‘उचल.’ उचलली. आत काय होतं, आजतागायत कुणी सांगितलं नाही.

2010 साली दिल्लीत मायापुरीला काय झालं? 1985 पासून पडून असलेलं यंत्र दिल्ली विद्यापीठानं लिलावात फुंकलं. आत कोबाल्ट-60. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आठ जण इस्पितळात गेले, एक मेला. विज्ञान शिकवणाऱ्यांचा कचरा, मरण आमच्यासारख्यांचं!

हे लगेच दिसलं. कमी मात्रा दबा धरून बसते. 1945 ला हिरोशिमा-नागासाकीत जे वाचले, त्यांच्यात रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांत दिसू लागला; फुफ्फुसाच्या, स्तनाच्या, पोटाच्या गाठी दहा-दहा वर्षांनी. हे कळलं, कारण तिथं लाखावर माणसांची नोंद ठेवली : कोण कुठं होता, किती किरणं लागली, कशानं मेला. नोंद अमेरिकेनं सुरू केली. तपासलं, पण औषध दिलं नाही. म्हणजे नुसती मोजणीही पुरत नाही.

आमची तर नोंदच नाही. ठेकेदार बदलतो, हजेरीपट त्याच्यासंगं जातो. गाठ उठेल तोवर ठेकेदार नाही, कागद नाही. डॉक्टर विचारणार, तंबाखू खातोस का? संपली केस.

मायापुरीनंतर बंदरांवर मालातली किरणं मोजणारी यंत्रं बसवायचं सरकारनं ठरवलं. मोजा की कंटेनर! तो रिकामा करणारा कोण मोजणार? पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं बांधलं, ते निदान दिसत तरी होतं. हे हाडात बांधतात.

भीक नको, नोंद पाहिजे. भंगार हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला मात्रा मोजणारा बिल्ला पाहिजे. आकडा त्याच्या हातात, मराठीत. ठेकेदार बदलला तरी वही तीच. गोदी सुटल्यावरही तपासणी, अन् औषध फुकट.

तोवर वस्तीवस्तीतल्या पोरांनो, वही आपणच काढू. कोणी, कुठं, कोणत्या तारखेला काय उचललं, सगळं लिहू. पहिलं नाव माझं लिहा. पुढं लिहा : शिशाची पेटी.

जयभीम!