एकाचे पोहणे, दुसऱ्याची सायकल, तिसऱ्याची धाव

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे ही आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा साडेआठ तासांच्या आत पूर्ण केली. पंतप्रधानांनी जाहीर कौतुक केले, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. ते यथायोग्यच झाले. मात्र त्या बातमीतील एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटला. २०२२ मध्ये हेच सूर्या याच स्पर्धेच्या सांघिक गटात उतरले होते आणि तेव्हा त्यांच्या वाट्याला केवळ सायकल आली होती. एकट्याच्या पराक्रमाची बातमी होते. वाटून घेतलेल्या श्रमाची होत नाही.

या सांघिक गटाची रीत मोठी मनोज्ञ आहे. पोहणाऱ्याच्या घोट्याला वेळ मोजणारी चकती पट्ट्याने बांधलेली असते. पाण्याबाहेर येताच त्याने धावत जाऊन ती सायकलस्वाराच्या हवाली करावयाची. सायकलस्वाराने नव्वद किलोमीटरनंतर ती धावपटूला द्यावयाची. एकाने ठरलेली कालमर्यादा ओलांडली, तर उरलेल्या दोघांची महिनोन्‌महिन्यांची तयारी वाया जाते. दुसऱ्याच्या चुकीचे प्रायश्चित्त मुकाट्याने घेणे हे एकट्याने दमण्यापेक्षा कठीण होय.

गंमत अशी, की एकट्याच्या कसोटीचा हा खेळ जन्मला तो सांघिक धावण्याच्या एका शर्यतीच्या पारितोषिक समारंभात. हवाई बेटांवर १९७७ मध्ये त्या समारंभात वाद रंगला, की पोहणारा, सायकलस्वार आणि धावपटू यांच्यात खरा दमदार कोण? नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तिन्ही प्रकार एकत्र करण्याची कल्पना मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले, बारा जणांनी अंतिम रेषा गाठली. अमेरिकी मनाला साजेशीच ही परिणती म्हटली पाहिजे. सर्व काही एकट्यानेच करावयाचे आणि पोलादी पुरुष म्हणवून घ्यावयाचे!

'हे परदेशी फॅड आपल्याला कशाला?' असे परिवारातील काही ज्येष्ठ विचारतात. सायकलींच्या किमती लाखांच्या घरात गेल्या आहेत, प्रवेशशुल्कही सामान्य पगारदाराला परवडणारे नाही. तेव्हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. गळ्यात पदक अडकवून छायाचित्रे मिरविण्याची हौसही दिसते. परंतु सांघिक गटाला परका म्हणणे हा अन्याय ठरेल. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले, तो खो-खो दुसरे काय सांगतो? 'खो' मिळण्यापूर्वी उठलेला गडी नियमभंग करतो आणि मिळाल्यावर रेंगाळलेला गडी डाव घालवितो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

दूर पल्ल्याचे उदाहरण हवे असेल तर नाशिककडे पाहावे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एकाने चालवावयाचे, तोवर दुसऱ्याने गाडीत विसावा घ्यावयाचा, पुन्हा पाळी बदलावयाची. झोपलेल्या भावाने डोळे मिटावेत ते जागणाऱ्या भावाच्या भरवशावर.

हा भरवसाच आज दुर्मीळ झाला आहे, आणि त्याचा दोष केवळ तरुणांच्या माथी मारता येणार नाही. गावोगावची वाचनालये, व्यायामशाळा, उत्सव मंडळे यांच्या कार्यकारिणीवर नजर टाकावी. सत्तरी ओलांडलेले कार्यवाह तीस-तीस वर्षे तीच किल्ली कमरेला लावून बसलेले आढळतात. 'घ्यायला कोणी नाही' अशी त्यांची तक्रार असते. पण घेणारा आधीपासून तयार करून उभा करावा लागतो. शेजारी उभे राहून, अंग तापवून, हात पुढे करण्याची संधी त्याला दिली कोणी? उलट, तिशीतील मुलगाही आपली पाळी येईपर्यंत थांबावयास राजी नसतो. त्याला पोहणे, सायकल आणि धाव तिन्ही स्वतःच्याच नावावर हवी असतात.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी निदान हा प्रयोग घरातच करून पाहावा. पिता सायकल चालवू शकतो, कन्या धावू शकते. अडते ते पोहणाऱ्यापाशी. एवढा विस्तीर्ण किनारा आणि इतक्या नद्या लाभलेल्या महाराष्ट्रात, गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकविणारे काका-मामा नाहीसे झाले, आणि शहरी तरणतलावावर उन्हाळी सुट्टीपुरती गर्दी उरली.

गोव्याच्या त्या स्पर्धेत पोहणाऱ्याचे काम सकाळच्या कोवळ्या उन्हातच आटोपते. त्यानंतर कित्येक तास त्याला करण्यासारखे काहीच नसते. ऊन चढत जाते, सायकली येऊन लागतात, धावणारे निघतात. तो मात्र अंग पुसून रस्त्याच्या कडेला उभा असतो, येणाऱ्या प्रत्येक धावपटूच्या छातीवरचा क्रमांक वाचीत.