साहेबाचा तलाव?

उन्हाळ्यात बार्शीच्या नळांना पाणी येईनासे झाले की चार शहाण्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानी पडते. "साहेबाने बांधले ते अजून उभे आहे!" ऐकणारे माना डोलावतात. पाथरी, कोरेगाव ही नावे घेतली जातात आणि गाडी सोलापूरजवळच्या एकरुखवर येऊन थांबते. 1871 साली पुरा झालेला हा तलाव म्हणजे जणू महाराणी व्हिक्टोरियाने सोलापूरकरांना दिलेले आंदणच!

एकरुखचे, म्हणजे आपल्या हिप्परग्याचे, काम उत्तम आहे हे निःसंकोच मान्य करावे. अदिला नदीवरील हा मातीचा बांध सव्वादोन किलोमीटरहून लांब आणि सुमारे सत्तर फूट उंच आहे. लाटांनी माती खचू नये म्हणून पाण्याच्या अंगाला दगडांचे अस्तर, पुराचे पाणी बांधावरून न जाता बाजूने निघून जावे म्हणून सांडवा आणि वेगवेगळ्या उंचीवरून निघणारे कालवे. वरचे कालवे तलाव भरलेला असेतोवर चालावेत आणि खालच्याने बारमाही वाहावे, ही त्यातील योजना. आराखडा इंग्रज अभियंत्यांचा, यात वाद नाही.

परंतु आराखडा म्हणजे तलाव नव्हे. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे आणि पुन्हा थर टाकायचा, हे काम कोणी केले? दख्खनभर अशी माती-दगडाची कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारा समाज म्हणजे वडार. त्याच वडारांची गणना इंग्रजांनी पुढे 'गुन्हेगार जमातीं'त केली! तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला 1952 साली, स्वराज्यात. बांधाची स्तुती करणाऱ्यांना हे आठवत नाही.

आष्टीचा तलाव तर 1876-77 च्या भीषण दुष्काळात मदतकार्य म्हणून हाती घेतला गेला. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी पौंडभर धान्य आणि एक आण्यावर आणली. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला पौंडभर धान्य! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठविला, हा आपला अभिमानाचा इतिहास आहे. तलावांचा खर्चही लंडनहून आला नाही. तो याच देशाच्या तिजोरीतून झाला आणि पाणीपट्टीने शेतकऱ्याकडून वसूल करायचा होता. काळ्या रानातील रब्बी ज्वारी ओलीवर येते. बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी घेईना, तेव्हा सरकारी हिशेबात तलाव तोट्याचा ठरू लागला.

आणि तलाव बांधणे ही विद्या आपल्याला परक्यांनी शिकविली काय? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना सोबत घेऊन सोलापुरात तळे खोदले, अशी परंपरा आहे. तेथे श्रम हीच पूजा होती.

येथवर वाचून जो कार्यकर्ता सुखावला असेल, त्याला एक प्रश्न. तलाव आपल्या पूर्वजांच्या घामाचा, तर मग तो गाळाने का भरतो आहे? वारसा सांगायचा आणि बांधावर काटेरी बाभळी वाढू द्यायच्या, हे कसले स्वत्व? मातीच्या बांधात मुळे शिरतात, ती कुजली की पोकळी राहते आणि पाणी तीच वाट धरते. हे कळायला अभियंता लागत नाही. 2017 साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तिच्यातून शेतकऱ्याला गाळ नेता येतो. पण गावाने मागणी केल्याशिवाय तो तलावातून निघत नाही.

बार्शी तालुक्यातील तरुण मंडळांनी पाथरी आणि कोरेगाव वाटून घ्यावेत. पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी काढावी, बांधावरील कोणते झुडूप काढायचे हे खात्याच्या माणसाकडूनच ठरवून घ्यावे आणि मृग लागण्यापूर्वी काम उरकावे. पहिल्या दिवशी त्या भागातील वडार वस्तीतील एखाद्या वृद्धाला सन्मानाने बोलावून पहिली कुदळ त्याच्या हाती द्यावी.